मावशीच्या मापाचं यंत्र

प्रिय मावशी,

आधी अक्षराबद्दल सांगते, म्हणजे पहिल्याच पानावर भुवया चढवणार नाहीस. माझं पेन संपलंय. दुसरं शोधायला गेले तर घरात खडू, टाचण्या, टेप सगळं सापडलं, पेन तेवढं नाही. म्हणून कारखान्यातला मार्कर घेऊन बसले आहे. याच मार्करने मी दिवसभर कपड्यांच्या नमुन्यांवर ‘पाठ’, ‘बाही’, ‘कॉलर’ असं लिहीत असते, त्यामुळे अक्षर आपोआपच हे एवढं येतंय. कागदही तिथलाच, नमुने कापून उरलेला खाकी. एका पानावर फारशा ओळी मावत नाहीत, तेव्हा तुझ्याकडे पाकीट येणार नाही, गठ्ठा येईल. पोस्टमनने तो दारात धप्पकन टाकला तर दचकू नकोस. आणि दादाला वाटलं की मी त्याला शर्ट शिवून पाठवलाय, तर त्याला म्हणावं, बस वाट बघत.

पेटी मिळाली. दादा स्वतः आणून देऊन गेला. आपल्या खेळातली तुझी सगळी बोटाएवढी लढाऊ यंत्रं कापसात गुंडाळलेली, ब्रश धुऊन पुसून ठेवलेले, रंगांच्या बाटल्यांची झाकणं घट्ट. सोबत तुझा निरोप. दादाने तो पाठ केल्यासारखा एका दमात म्हणून दाखवला: “आईला आता या खेळाचा कंटाळा आलाय. यंत्रं कुणाला तरी देऊन टाक, आणि जोडसामन्याला दुसरा कुणी जोडीदार बघ.” हे म्हणताना तो माझ्याकडे नाही, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होता. मी चहा टाकला. तू कशी आहेस विचारलं, तर म्हणाला, “मस्त आहे. पेपर मात्र हल्ली दोन मिनिटांत संपवते. नुसते मथळे वाचते. म्हणते, खालच्या मजकुरात पाणीच घातलेलं असतं.” आम्ही दोघंही हसलो. मग कप उचलायला म्हणून मी आत गेले आणि थोडा वेळ आतच राहिले.

त्यानंतर मी तुला तीनदा फोन केला. एकदा तुझं दूध उतू जात होतं, एकदा दाराची बेल वाजली, आणि तिसऱ्यांदा तूच मला माझ्या गुडघ्याबद्दल इतकं विचारलंस की शेवटी फोन ठेवताना मी गुडघ्याला तेल लावायचं वचन देऊन बसले होते. जोडसामन्याचा ‘जो’सुद्धा तू मला उच्चारू दिला नाहीस. म्हणून हे पत्र. पत्राला मध्येच तोडता येत नाही, आणि कागदासमोर दूध उतू गेलं तरी कागद थांबतो.

आता तुला इकडच्या बातम्या देते. औषधवाल्याच्या दुकानामागची खोली आहे तशीच आहे. टेबल तेच, दोन पिंपांवर आडवं टाकलेलं जुनं दार. बसायला खोकल्याच्या औषधाची खोकी. मास्तर अजूनही बसण्यापूर्वी खोक्यावर टिचकी मारून आतल्या बाटल्या भरलेल्या आहेत ना ते बघतात, कारण एकदा ते रिकाम्यावर बसले आणि आत गेले होते. तेव्हा तूच म्हणाली होतीस, “शाळेत गणित शिकवता आणि भरलं-रिकामं कळत नाही!” तुझी रिकामी जागा मात्र कुणी भरलेली नाही. औषधवाला तुझ्या खोक्यावर बसत नाही, मास्तर आपली पिशवीसुद्धा त्यावर ठेवत नाहीत. मी एकदा ठेवली, तर दोघं माझ्याकडे असे बघायला लागले की मी पिशवी मांडीवर घेऊन खेळले.

तुला आठवतं, मला या खेळात तूच ओढलंस? मी तेव्हा कारखान्यात नवी होते आणि जेवणाच्या सुट्टीत तुझ्या घड्याळाच्या दुकानात डबा खायला यायचे. तू डोळ्याला भिंग लावून बोटाएवढ्या लोखंडी राक्षसाच्या खांद्यावर पिवळा पट्टा ओढत बसलेली असायचीस आणि गिऱ्हाईक दारात ताटकळत. एकाने विचारलं होतं, “बाई, या बाहुल्या विकायच्या आहेत का?” तू भिंग न काढता म्हणालीस, “बाहुली नाही, ऐंशी टनांचं यंत्र आहे. हात लावू नका, ओलं आहे.” तो बिचारा घड्याळ न घेताच गेला. मला वाटलं, मावशीचं डोकं फिरलं. महिन्याभरात माझंही फिरलं.

माझं पहिलं यंत्र तर तू अजून कुणाकुणाला सांगत असतेस. आपल्या खेळात गंमत लढण्यात आहे त्याहून जास्त बेतण्यात आहे, हे मला पहिल्या दिवशीच कळलं. वजन ठरलेलं. त्या वजनात पाय, इंजिन, चिलखत, शस्त्रं सगळं बसवायचं. म्हणजे ठरावीक कापडात कोट काढायचा, तेच माझं रोजचं काम. तू रॉकेटवाली, कायमची. तोफा, रॉकेटं, पोटात गोळ्यांचा साठा, आणि प्रत्येक वारानंतर तक्त्यावरच्या बारीक बारीक चौकटीत एकेक फुली. मला मात्र किरणांची भुरळ पडली. किरणाला गोळ्या भराव्या लागत नाहीत. इंजिन चालतंय तोवर किरण निघतोच, साठा संपत नाही, मोजायचा नाही, आणि पोटात स्फोट होईल असं काही बाळगायचंही नाही. मग काय, मी जागा दिसेल तिथे किरण लावले. खांद्यावर, छातीत, दोन्ही हातांत. किरणाने यंत्र तापतं आणि ते निववायला गार पेट्या लागतात, हे तू सांगितलं होतंस, पण पेट्यांना वजन असतं आणि त्या दिसायला काही शोभेच्या नसतात, म्हणून मी दोनच घेतल्या. पहिल्याच फेरीत सगळे किरण एकदम सोडले. खोली उजळली असं मला वाटलं. पुढच्या फेरीत माझं यंत्र तापून मैदानाच्या मधोमध झोपी गेलं आणि तू तुझं यंत्र हळूच त्याच्या शेजारी आणून उभं केलंस. मला वाटलं गोळी घालणार. तर तू म्हणालीस, “थांब गं, आधी हात शेकून घेऊ दे.” त्या यंत्राचं नाव पडलं शेगडी आणि माझं ठिणगी. शेगडी पुढे मोडून तिचे पाय दुसऱ्याला लावले. ठिणगी मात्र राहिली.

आणि आपलं भांडण! धूर नाही, आवाज नाही, ती काय लढाई, असं तुझं म्हणणं. मी किरणवालं यंत्र टेबलावर ठेवलं की तू सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारायचीस, “आज लाइट गेलेत का? ही बॅटरी घेऊन आलीय.” मी हळूहळू शिकले. पेट्या आधी, किरण नंतर. चालता चालता जेवढं तापेल तेवढं निववता आलं पाहिजे, वरचा एखादा किरण फक्त अडीअडचणीला. लांबचे किरण आणि जवळचे किरण दोन्ही ठेवायचे, पण एका वेळी एकच जोडी वापरायची, म्हणजे त्याच पेट्या दोघांना पुरतात. साठ्याचं वाचलेलं वजन चिलखतात घालायचं. तापलं की नदीत जाऊन उभं राहायचं. तुझी यंत्रं पहिल्या चार फेऱ्यांत मैदान गाजवायची आणि माझी शेवटच्या चार फेऱ्यांत, कारण तोवर तुझी रॉकेटं संपलेली असायची. तरी तू हरलीस की म्हणायचीस, “पाण्यात उभं राहून भांडायला काय अक्कल लागते?”

जोडसामन्यातसुद्धा तू आपलंच खरं करायचीस. आपला नियम साधा, आपण बेतलेलं यंत्र आपण चालवायचं नाही, जोडीदाराला द्यायचं, आणि नाव चालवणाऱ्याने ठेवायचं. म्हणजे तुझं यंत्र मी बेतायचं. पण तू मला बेतू कुठे द्यायचीस? माझ्या मागे उभी राहून, “इथे रॉकेटं. अजून रॉकेटं. हा किरण कुणी मागितला होता? काढ तो.” इतकी वर्षं मी तुझ्यासाठी तुझंच यंत्र बनवत आले. तुझी लाडकी आक्काबाई तर तीन वेळा बनवली, दर वेळी तिच्या पोटात आधीपेक्षा जास्त दारूगोळा.

मावशी, परवा मी आक्काबाईला कापसातून बाहेर काढलं. तू तिला नव्याने रंगवायला घेतली होतीस ना? चिलखताचा लाल सुरेख बसलाय. पण तिचा उजवा डोळा जागेवर नाही. केसभर बाहेर गेलाय, पापणीच्या खाली. डाव्यापर्यंत तू पोचलीच नाहीस. मी ती दिव्याखाली धरून पुन्हा बघितली. मनगटावरच्या घड्याळाच्या बारीक चाकांना तेलाचा थेंब लावताना जिचा हात कधी ढळला नाही, तिच्या ब्रशकडून डोळा चुकतो आणि ती तो पुसत नाही, तशीच कापसात गुंडाळून ठेवते, म्हणजे एक तर तिला कंटाळा आलाय, किंवा तो चुकलाय हे तिला दिसलंच नाही.

मग मला मागचं एकेक आठवायला लागलं. मास्तर तुला म्हणाले होते, “तुमची रॉकेटं मागच्याच फेरीत संपली, तक्ता बघा,” आणि तू तक्त्याकडे न बघताच म्हणालीस, “तुमची मोजणी चुकली.” मास्तरांची मोजणी! आम्ही सगळे तोंडात बोटं घालून बसलो. आणि तुझा इथला शेवटचा खेळ. तू आणि मी एका बाजूला होतो, माझं यंत्र निळं, मास्तरांचं हिरवं. तू आक्काबाई वळवलीस, “घ्या!” म्हणालीस आणि सगळीच्या सगळी रॉकेटं माझ्या पाठीत घातलीस. मग औषधवाला खोक्यावरून पडेपर्यंत हसला. मास्तर उठून उभे राहिले आणि म्हणाले, “आता आम्ही घरी गेलो तरी चालेल, तुमचं तुम्ही बघा.” तू पण हसलीस, सगळ्यांपेक्षा मोठ्याने, आणि म्हणालीस, “ही मध्ये आली त्याला मी काय करू?” मी मध्ये नव्हते मावशी. मी नदीत होते, नेहमीसारखी. पुढच्या आठवड्यात तू आली नाहीस. त्याच्या पुढच्याही नाही. मग दादाकडे राहायला गेलीस आणि आता ही पेटी.

बरं, पुढची बातमी. मी एक मैदान शिवलंय. हो, शिवलंय. कारखान्यात चिंध्या पोत्याने पडलेल्या असतात. जाड कापडाचं अस्तर घेतलं आणि त्यावर षटकोनी घरं उठावाच्या शिलाईने टाकली, म्हणजे प्रत्येक घराची कड बोटाला लागते. जंगल टॉवेलच्या कापडाचं. टेकड्या जाड लोकरी नमद्याच्या, एकावर एक थर. नदी सॅटिनची, गुळगुळीत, हात आपोआप घसरतो. रस्ता म्हणून जीन्सची शिवण. टेबलावर अंथरलं तर औषधवाला म्हणाला, “यावर खेळायचं की झोपायचं?” त्याने खरंच गाल टेकवून बघितला. अंतर मोजायला मी माझी जुनी टेप घेतली आणि प्रत्येक घराच्या मापावर एकेक गाठ शिवली. मास्तरांनी टेपवरच्या गाठी पट्टीने तपासल्या आणि एक चुकीची काढलीच. मी उसवून परत शिवली.

मग मी डोळ्यांना रुमाल बांधून खेळायला लागले. औषधवाल्याला वाटलं माझे डोळे आलेत, त्याने थेंबांची बाटलीच पुढे केली. मी म्हटलं, असंच, गंमत म्हणून. पहिल्या दिवशी जी धूळधाण उडाली म्हणतेस! मी तीन प्रकारचे किरण लावले होते, जवळचे, मधले, लांबचे. कोणता कुठवर पोचतो ते लक्षात ठेवता ठेवता माझा गोंधळ उडाला आणि औषधवाला आरामात चालत माझ्या मागे येऊन उभा राहिला. तेव्हा कळलं, न बघता लढायचं तर सगळे किरण एकाच जातीचे हवेत, एकाच पल्ल्याचे. मग कोष्टक बघायला नको. टेपवर ठरावीक गाठीच्या आत आला की मार, बाहेर असला की चाल. पण एकाच पल्ल्याचे म्हटल्यावर मास्तर लबाडी करणारच. ते पल्ल्याच्या बाहेर राहून मला गोळ्या घालत बसले. मग मी एक किरण काढला आणि ते वजन इंजिनात घातलं. पाय लांब झाले. आता ते मागे सरकले तरी मी त्यांना गाठते.

सगळ्यात जास्त डोकं उष्णतेने खाल्लं. रॉकेटवाल्या यंत्रात फुल्या मारायच्या बारीक चौकटी असतात, त्या मी पहिल्याच दिवशी सोडून दिल्या. तक्ताच नको, असं ठरवलं. किरणांना साठा नाही, म्हणजे मोजायची ती एकच गोष्ट, यंत्र किती तापलंय. त्यासाठी मी लाकडी पट्टीवर दोरी ताणून तिच्यात शर्टाची बटणं ओवली. तापलं की बटण डावीकडे, निवलं की उजवीकडे. पहिल्या वेळी माझ्याच बाहीने निम्मी बटणं सरकवली आणि माझं यंत्र न लढताच झोपलं. मग दोरी घट्ट केली, आणि जिथून धोका सुरू होतो तिथे कोटाचं मोठं बटण घातलं. हात तिथे पोचला की समजायचं, आता दम खा. नंतर तर बटणांकडेही हात जाईनासा झाला. चालताना चार सोडायचे, उभं असताना पाच, आणि मोठं बटण लागलं की एक फेरी दोनच. शिलाईच्या मशिनीला ताल असतो तसा. मावशी, या यंत्राला बघावं लागत नाही. नुसता ताल धरावा लागतो.

गेल्या खेपेला मी रुमाल बांधून मास्तरांशी खेळले आणि बरोबरी झाली. खरं तर मी हरतच आले होते, पण माझा एक किरण त्यांच्या यंत्राच्या पोटातल्या साठ्याला लागला आणि त्यांचं ऐंशी टनांचं हिरवं धूड जागच्या जागी फुटलं. माझं त्या धक्क्याने नदीत उताणं. मी रुमाल वर केला तर मास्तर आपल्या तक्त्याकडे बघत होते. म्हणाले, “मावशी असत्या तर मोठा आवाज काढून दाखवला असता.” मग आम्ही तिघांनीही तुझ्यासारखा आवाज काढायचा प्रयत्न केला. एकालाही जमला नाही. शेजारच्या दुकानातून माणूस विचारायला आला, गॅस फुटला का.

एकच गोष्ट अडली. समोरच्याचं यंत्र ओळखायचं तर त्याला हात लावायला हवा, आणि आपल्या खोलीत दुसऱ्याच्या यंत्राला हात लावायची बंदी आहे. बंदी तूच घातलेली, मास्तरांनी तुझ्या ओल्या पट्ट्यावर अंगठा उमटवला होता तेव्हा. भिंतीवर तुझ्या अक्षरात अजून आहे, ‘बोटं आपापल्या खिशात.’ मी म्हटलं, हा नियम आता बदलू या. औषधवाला तयार झाला. मास्तर अडून बसले. “नियम मावशींनी केलाय. मोडायचा तर मावशींनीच येऊन मोडायचा. त्यांच्या मागे मी मोडणार नाही.” मला इतका राग आला की मी त्या दिवशी त्यांना नमस्कार न करताच निघाले. आणि पुढच्या आठवड्यात मास्तर पिशवी उघडून आपली यंत्रं मांडायला लागले, तर एकेक ठेवताना खर्र, खर्र आवाज. मी उचलून बघितलं, नियम मोडून. प्रत्येकाच्या पायाखालच्या चकतीला काचकागद चिकटवलेला, कडा नीट कातरून. मी त्यांच्याकडे बघितलं. ते पट्टी पुसत म्हणाले, “कापडावर जरा घसरत होती.” औषधवाला आत गेला आणि आपल्या यंत्रांना लावायला बाटलीची रबरी बुचं कापत बसला.

मी कुणालाच काही सांगितलं नव्हतं, मावशी. दादाला विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही, तेव्हा तू त्याला शपथ घातली असशील तर ती शाबूत आहे, त्याला रागावू नकोस. आम्ही तिघं मठ्ठ असलो तरी इतकी वर्षं तुझ्या समोर बसलोय.

तुला कीव चालत नाही हे मला माहीत आहे. मी तुझ्या जागी असते तर मीही पेटीच पाठवली असती. पण मी वीस वर्षं माणसांच्या मापाने कापड कापतेय. आमच्याकडे मापाचा कोट शिवून घ्यायला एक खांदा खाली असलेला माणूस येतो, पोट सुटलेला येतो, एक हात आखूड असलेली येते. मी त्यांची कीव करत नाही, टेप लावते. कोट अंगावर नीट बसला की तो माणूस आरशासमोर वळून वळून बघतो आणि आखूड हात विसरून खिशांबद्दल कटकट करायला लागतो. तू तेवढी कटकट करायला ये, बाकी मला काही नको. हे यंत्र मी तुझ्या मापाने बेतलंय, आणि या खेपेला माझ्या मागे उभं राहून “अजून रॉकेटं” म्हणायला तू नव्हतीस, त्यामुळे ते अंगावर बरोबर बसेल. रंग मी दिलेला नाही. डोळेही काढलेले नाहीत, त्याला लागत नाहीत. तुझ्या बोटांना स्क्रूचे आटेसुद्धा कळतात, हे कापडी मैदान तर तुला तळहातासारखं वाटेल. आणि आवाज हवाच असेल तर प्रत्येक किरणाला तू तोंडाने काढ, नियमात कुठे मनाई नाही.

तर पत्र कशासाठी लिहिलं ते आता सांगते. जोडसामना पुढच्या महिन्यात, पहिल्या सुट्टीच्या दिवशी आहे, आणि फळ्यावर मी आपल्या दोघींचीच नावं लावलीत. यंत्र तयार ठेवलंय, त्याला नाव नाही, कारण नाव चालवणारीने ठेवायचं असतं. भिंतीवरचा नियम तसाच आहे, तो मोडायला तूच लागशील. तुझं खोकं मी टिचकी मारून बघितलंय, भरलेलं आहे. हे सगळं मला तुझ्याशी बोलायचं होतं, आणि ते दादाच्या किंवा कुणाच्या तोंडून तुझ्या कानावर जायला नको होतं. तू एकटी बसून, तुझ्या वेळाने, कुणालाही वाचून दाखवायला न सांगता वाचावंस असं वाटत होतं. दादाने मथळ्यांचं सांगितलं तेव्हाच मला सुचलं की मथळ्याएवढं अक्षर काढलं तर जमेल. शेवटच्या पानापर्यंत आली असशील, तर जमलं. पेन संपलेलं नाही, मावशी. ते समोर टेबलावरच आहे, आणि त्यात शाई भरलेली आहे.

नदीत उभी राहून तुझी वाट बघणारी, तुझीच
ठिणगी